बंधू काढा!

निर्णय घेणं ही काय विचार करून करायची गोष्ट आहे? निदान निकालरावांच्या मते तरी नाही!

"शंका म्हणजे मनाचं अजीर्ण हो," ते भेटेल त्याला सांगत. "मला होतच नाही! समोर दोन रस्ते आले की मी एक पकडतो आणि सुटतो. लोक चौकात उभं राहून पत्ते विचारत बसतात, तोवर मी पोचलेला असतो!"

कुठे पोचलेला असतो हे त्यांना कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर त्यांच्या घरातला फ्रिज दाखवता आला असता. तो घ्यायचा ठरला तेव्हा बायको माप घ्यायला टेप शोधत होती. टेप सापडेपर्यंत फ्रिज दारात हजर! तो स्वयंपाकघराच्या दारातून काही आत जाईना. उभा जाईना, आडवा जाईना, तिरका करून ढकलला तर चौकटच उखडून यायला लागली. शेवटी तो बाहेरच्या खोलीत सोफ्याशेजारी उभा राहिला, तो अजून तिथेच आहे. नवीन पाहुणे आधी त्याच्याकडे पाहून मान लववतात. पण निकालरावांना त्याचं काही नाही. "वेळ किती वाचला बघा!" म्हणतात. माणसांच्या हिशेबाच्या नाना तऱ्हा मी पाहिल्यात. पण जमेचीच बाजू असलेली वही फक्त याच गृहस्थांकडे पाहिली.

निकालराव हे अर्थात पाळण्यातलं नाव नव्हे. विचारायच्या आत निकाल लावतात म्हणून बायकोच्या काकांनी ते ठेवलं आणि चिकटलं.

हे काका आणि सासरे, म्हणजे धाकटे आणि थोरले, सख्खे भाऊ. दोघांचं मिळून बादल्यांचं दुकान. बादल्या, टब, पिंपं, मग, घमेली. पाणी ज्यात मावेल ते सगळं. बादल्या विकता विकता लोकांनी त्यांचं आडनावच बादलीवाले करून टाकलं. तेच पुढे पाटीवर चढलं: 'बादलीवाले आणि बंधू'. राहायला एक घर, जेवायला एक टेबल, जायला-यायला एक स्कूटर. धाकट्यांनी लग्न केलं नाही. त्यांचा संसार म्हणजे भाऊ, दुकान आणि पुतणी. पुतणी चालायला शिकली ती काकांचं बोट धरून, आणि लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली तेव्हा रडलेही काकाच जास्त. तिचा नवरा म्हणून निकालरावांना दुकानात घेतलं गेलं. सकाळी लवकर येऊन शटर उघडायचं, माल बाहेर मांडायचा आणि भावाभावांची स्कूटर येईपर्यंत गिऱ्हाईक सांभाळायचं, हे त्यांचं काम.

तर या दोन भावांचं एका संध्याकाळी भांडण जुंपलं. विषय होता, बादल्या एकात एक घालून ठेवाव्यात की दोरीला टांगाव्यात.

"टांगल्या की गिऱ्हाइकाला दिसतात!" धाकटे म्हणाले.

"आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडतात!" थोरले म्हणाले. थोरल्यांची दाढ दुखत होती. एक हात गालावर आणि एक हात हवेत, असं ते भांडत होते.

"म्हणजे चालणार तुझंच!"

"दुकान कुणाच्या डोक्याने चाललंय आजवर?"

"तुझ्या! सगळं तुझ्याच! मग माझं नाव कशाला शोभेला? पुसून टाक ते पाटीवरून!"

"टाकेन!"

"टाक ना!"

"टाकतोच!"

रोज हे भाऊ भांडत, पण पाटीपर्यंत कधी कुणी गेलं नव्हतं. निघताना थोरले निकालरावांना गाल धरूनच म्हणाले, "उद्या पेंटर यायचाय. पाटीवर काय करायचं ते सकाळी कळवतो." मग दोघे एकाच स्कूटरवर बसून, दोन दिशांना तोंडं करून घरी गेले.

पाटीचा रंग उडाला होता खरा. बंधूंच्या बाजूला ऊन जास्त; त्यामुळे 'बादलीवाले' अजून ठणठणीत दिसत होते, 'आणि' जरा अशक्त झालं होतं आणि 'बंधू' तर आजारातून उठल्यासारखे फिकुटले होते. म्हणून तर पेंटरला महिन्याभरापासून बोलावणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर आला. खांद्यावर शिडी, हातात डबे, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"लवकर सांगा, काय करायचं! मला पुढे शाळेची भिंत आहे. तिथे जिराफ काढायचाय. जिराफ म्हणजे तुम्हाला वाटेल सोपं, पण मान कुठे थांबवायची हाच खरा प्रश्न असतो!"

एवढ्यात निकालरावांचा मोबाइल वाजला. थोरल्यांचा निरोप! दोनच शब्द:

'बंधू काढा'

"आला हुकूम!" निकालराव म्हणाले. "पाटीवरचं बंधू काढा. चढा वर!"

पेंटर शिडीवर चढला, ब्रश रंगात बुडवला आणि खाली वाकून म्हणाला, "म्हणजे ठसठशीत काढू ना? काळ्यात काढू की लाल किनार देऊन काढू?"

निकालराव चमकले. "अहो, काढा म्हणजे पुसून काढा! काल भांडण झालंय त्यांचं!"

"असं होय!" पेंटरने ब्रश ठेवला, पॉलिश पेपर काढला. "मग तसं सांगायचं ना. आमच्या धंद्यात काढणं म्हणजे रंगवणं. मी जिराफ काढतो म्हणजे काय भिंतीतून उपटतो?"

हे मात्र निकालरावांना पटलं. पेंटरला काढा सांगितलं तर त्याचा अर्थ रंगवा! पाटी उजळायचीच तर होती. भावाभावांचं भांडण काय, चहाच्या फेसासारखं. वर आलं तसं बसलं असेल.

"थांबा! रंगवाच!" ते ओरडले.

पेंटरने पॉलिश पेपर खिशात घातला, ब्रश उचलला.

पण 'टाकतोच' म्हणाले होते थोरले! आणि थोरले म्हणजे बोलल्या शब्दाचे. एकदा 'आजपासून गोड बंद' म्हणाले, तर स्वतःच्या वाढदिवसाचा केक शेजाऱ्यांना वाटून मोकळे झाले होते.

"थांबा! पुसाच!"

"हे बघा," पेंटर शिडीच्या मधल्या पायरीवर बसला, "तुम्ही निर्णय फार चटकन घेता, चांगलं आहे. पण एका वेळी एकच घ्या. माझे गुडघे दुखतात."

तर वाचकहो, निकालरावांना आयुष्यात पहिल्यांदा शंका आली. आणि पहिलीच असल्यामुळे ती चांगली जाडजूड आली! पुसायचं होतं आणि रंगवलं, तर सासरे म्हणणार, साधा निरोप कळत नाही. रंगवायचं होतं आणि पुसलं, तर? धाकटे स्कूटरवरून उतरणार, वर बघणार, आणि त्यांच्या जागी त्यांना कोरी पाटी दिसणार. त्या माणसाने पाटीवरच्या त्या एका शब्दाशिवाय स्वतःचं असं काही केलंच नव्हतं. ते तसेच मागे वळून निघून जातील. भाऊ फुटतील, घर फुटेल. बायकोचं माहेर दोन ठिकाणी होईल आणि तिचा नवरा तिसऱ्या!

थोरल्यांना फोन लावला. बंद! धाकट्यांना लावायला बोट पुढे गेलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. त्यांना काय विचारणार? 'काका, तुम्हाला पुसायचंय की ठेवायचंय?'

मग बायकोला लावला.

"अगं, बाबांचा निरोप आलाय. पाटीवरचं बंधू काढायला सांगितलंय."

"काय?" ती किंचाळली. "बाबा असं सांगणारच नाहीत!"

"सांगितलंय! आता काढायचं म्हणजे पुसायचं की रंगवायचं, ते मी ठरवतोय."

"तुम्ही काही ठरवू नका! आधी बाबांना नीट विचारा. दाताच्या डॉक्टरांकडे गेलेत ते, काकाच घेऊन गेलेत. आणि हे बघा, कळेपर्यंत पुसू मात्र नका. रंगवलेलं उद्याही पुसता येतं. पुसलेलं काकांनी एकदा बघितलं की मग कितीही रंगवा!"

"हे भित्र्या माणसांचं धोरण झालं," निकालराव म्हणाले.

"मग भ्या ना जरा! आणि काकांसमोर विचारू नका!"

पेंटरला "हलू नका!" असं बजावून निकालराव धावत सुटले. दवाखाना पलीकडच्याच रस्त्याला होता. आत लवंगेचा आणि औषधाचा वास, भिंतीवर हसणाऱ्या दातांची मोठी तसबीर, आणि त्याखाली न हसणारी माणसं. त्यांना ओलांडून, "घरचाच आहे, घरचाच आहे!" करत ते सरळ आतल्या खोलीत घुसले.

थोरले खुर्चीत आडवे होते. तोंड उघडं, गाल बधिर, तोंडात कापसाचे बोळे आणि एक वाकडी नळी. डॉक्टरीणबाई हत्यारं निवडत होत्या. आणि थोरल्यांचा हात घट्ट धरून उशाशी उभे होते, अर्थात, धाकटे!

आता आली पंचाईत. भावाच्या हातात हात दिलेल्या माणसाला, त्याच भावादेखत, 'भावाला पुसायचं का' कसं विचारावं? निकालराव घसा खाकरून, शक्य तितकं मोघम म्हणाले, "बाबा... ते... काढायचं ना?"

थोरल्यांनी डोळे मोठे केले. "आं! आं आं!" आणि जोरजोरात मान हलवली. शिवाय मोकळ्या हाताने चिमटीत काहीतरी पकडून उपटून फेकल्याची खूण केली.

"नक्की? काढूनच टाकायचं?"

"आंऽऽ!"

"पुन्हा पुन्हा विचारू नका हो जावईबापू," धाकटे म्हणाले. "मोठ्या मुश्किलीने तयार झालाय. उगाच विरघळेल."

निकालराव गार! "काका, म्हणजे... तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत काय विचारता? मीच मागे लागलो! काल एवढा आरडाओरडा केला ना त्याने, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. वरून धड दिसतं, पण आतून सगळं किडलंय."

"पण काका, एवढ्या वर्षांची सोबत..."

"सोबत म्हणून दुखणं सांभाळत बसायचं होय? हलायला लागलं की काढून मोकळं व्हावं. नाहीतर शेजारच्यालाही कीड लागते."

दुकानात भावांच्या शेजारी कोण उभं असतं, तर आपण, हे निकालरावांच्या ध्यानात आलं आणि ते एक पाऊल मागे सरकले.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"मला कशाला वाईट वाटेल? सुटलो म्हणेन! थोडे दिवस पोकळी जाणवते म्हणतात. मग होते सवय."

काय हा माणूस! निकालरावांना भरून आलं. स्वतःचं नाव पुसलं जातंय आणि हा भावाचा हात धरून त्यालाच धीर देतोय! ते पुढे झाले आणि धाकट्यांच्या पायाला हात लावायला वाकले. वाकताना कोपर लागून हत्यारांचा ट्रे खणखणत खाली आला.

"बाहेर!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "निर्णय झालेला आहे! बाहेर!"

एका खोलीत तिघांचं एकमत झालं होतं. दोघांचं दाढेबद्दल आणि तिसऱ्याचं पाटीबद्दल, एवढाच काय तो फरक!

निकालराव परतले ते डोळे पुसत. "पुसा," पेंटरला म्हणाले. "दोघांनी विचार करून, समजुतीने ठरवलंय. पुसून टाका!"

"आता बदलणार नाही ना?"

"निकाल लागला!"

पेंटरने पॉलिश पेपरने खसाखसा घासलं आणि वरून पाटीच्याच रंगाचे दोन हात मारले. बंधू गेले! आधीच फिकुटलेले, त्यामुळे जाताना त्यांनी फारसा प्रतिकारही केला नाही. पेंटर खाली उतरला, डोळे बारीक करून म्हणाला, "छान. चौकोनी गेलंय अगदी."

निकालरावांनी वर पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं:

'बादलीवाले आणि'

"अहो! ते 'आणि'?"

"त्याचं काय?"

"ते कशाला ठेवलंत?"

"बंधू काढा म्हणालात, बंधू काढले. 'आणि' काढा असं कुठे म्हणालात? मी दुसऱ्याच्या अक्षराला विनापरवाना हात लावत नाही!"

"मग आता काढा!"

"काढतो की. पण मग 'बादलीवाले' मधोमध घ्यावे लागतील. असे एका कोपऱ्यात बरे दिसत नाहीत, रुसून बसल्यासारखे. म्हणजे अख्खी पाटी नवी. ती आज होत नाही. जिराफ वाट बघतोय!"

हुज्जत चालू असतानाच समोरचा शिंपी गळ्यात मोजपट्टी टाकून रस्ता ओलांडून आला. शिंपी हा स्वभावाने जिज्ञासू. तो पाटीकडे बघत राहिला.

"बादलीवाले आणि... आणि काय? वाक्य पुरं करा की!"

"काम चालू आहे," निकालराव म्हणाले.

एक गिऱ्हाईक मग घ्यायला आलं होतं. त्यालाही रस वाटला. "बादलीवाले आणि मंडळी असेल."

"बादलीवाले आणि इतर," दुसरा म्हणाला.

शिंप्याने पाटीवरून नजर निकालरावांवर आणली. मग पुन्हा पाटीवर नेली. मग त्याचा चेहरा बल्बसारखा लागला.

"अरे लबाडा! 'बादलीवाले आणि जावई'! चुलतसासऱ्यांना उडवलंत होय? अभिनंदन हो, अभिनंदन! पेढे नकोत, एक टब दिलात तरी चालेल!"

निकालरावांच्या कानशिलात गरम वाफ गेली. हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं! पण आता पाटीकडे पाहिलं, तर ते 'आणि' खरंच त्यांच्याकडेच बोट दाखवून उभं होतं. सासरा खुर्चीत, काका त्याच्या उशाशी, आणि इकडे जावयाने शिडी लावून काकाची जागा मोकळी केली! आपणच त्रयस्थ असतो, तर आपणही हाच निकाल लावला असता, आणि तोही चटकन!

"पेंटर! काहीही करा! फुलं काढा तिथे! पोपट काढा!"

"पोपट बसणार नाही. चिमणी बसेल."

"चिमणी काढा!"

"काढू म्हणजे..."

"रंगवा हो, रंगवा!"

आणि तेवढ्यात कोपऱ्यावर ओळखीची स्कूटर फुटफुटली.

निकालरावांनी दुकानातला सर्वांत मोठा टब उचलला, शिडीवर चढले आणि टब छातीशी धरून पाटीच्या त्या टोकाला झाकून उभे राहिले. स्कूटर थांबली. धाकटे उतरले. मागून थोरले उतरले. एक गाल टोमॅटोसारखा फुगलेला, तोंडात बोळा, नजर जरा तरंगती. पाठोपाठ रिक्षा थांबली आणि तिच्यातून निकालरावांची बायको उतरली. तिला काही घरी बसवेना.

"जावईबापू, वर काय करताय?" धाकट्यांनी विचारलं.

"टब... उंचावर कसा दिसतो ते बघतोय! तुम्ही म्हणता ना, टांगलेलं गिऱ्हाइकाला दिसतं!"

"अहो, पण तो निळा टब आहे, त्याची मूठ..."

मूठ सुटली. टब शिडीवरून घरंगळत, पेंटरच्या डब्याला धडक देऊन, गडगडत जाऊन शिंप्याच्या पायाशी थांबला. शिंप्याने तो लगेच उचलून काखेत मारला.

धाकट्यांनी वर पाहिलं.

मघाचं हसू त्यांच्या चेहऱ्यावरून एकदम गेलं नाही. जरा वेळ तिथेच राहिलं, विसरून गेल्यासारखं. मग ते हळूच म्हणाले, "बरं. पुसलंस तर."

हे ते थोरल्यांना म्हणाले. थोरले "ऊं? ऊं ऊं!" करत जोरजोरात मान हलवायला लागले. आता ही मान नकाराची होती, पण बोळ्यामुळे धड काहीच कळेना.

"नको सांगूस. मीच म्हणालो होतो, पुसून टाक म्हणून," धाकटे म्हणाले. त्यांनी स्कूटरची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. "फक्त दाढ निघायच्या आधी सांगायला हवं होतंस. आधी कळलं असतं तर मी इतका घट्ट हात धरला नसता."

"काका, पण तुम्हीच तर म्हणालात!" निकालराव शिडीवरूनच रडकुंडीला आले. "आतून किडलंय म्हणालात! काढून मोकळं व्हावं म्हणालात! सुटलो म्हणालात!"

"दाढेबद्दल!" धाकटे ओरडले.

"आंऽऽ!" थोरले ओरडले.

"दाढ?" निकालराव पुटपुटले आणि शिडीच्या दोन्ही बाजू घट्ट धरून राहिले. "पण निरोप! बाबांचा निरोप आहे माझ्याकडे!"

"बघू तो," बायको म्हणाली आणि तिने त्यांच्या खिशातून मोबाइल ओढून घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग वर बघून तिने अगदी शांत आवाजात विचारलं. तो आवाज निकालरावांना आरडाओरड्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटे.

"यात पाटी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"मला फोनवर म्हणालात, पाटीवरचं बंधू काढायला सांगितलंय. यात पाटी कुठे लिहिलीये?"

"ती... ती मी गृहीत धरली!"

"आणि हा निरोप तुम्हाला आहे असं कुणी सांगितलं? शब्दन्‌शब्द वाचून दाखवला असतात, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं! काका, हे वाचा."

धाकट्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. 'बंधू काढा'. आणि त्यांचे ओठ हलले. "बंधू, काढा..."

सगळे मोबाइलवर वाकले. शिंपीसुद्धा.

ती सांगायला लागली, "माझ्या लहानपणापासून बाबा रोज सकाळी जिन्यातून थट्टेने अहो-जाहो करत हाक मारतात, 'बंधू, काढा!' आणि काका स्कूटर बाहेर काढतात. तुम्ही शटर उघडायला आधीच आलेले असता, तुम्हाला काय माहीत! आज दाढेने बाबांचं तोंड उघडत नव्हतं, म्हणून त्यांनी हाक लिहून पाठवली. आणि चष्म्याशिवाय भलत्याच नावावर बोट पडलं. तुमच्या!"

थोरले गाल धरून इतक्या जोरात मान डोलवत होते की दुसरी दाढही सैल व्हावी.

"मला मिळालीच नाही रे ती," धाकटे थोरल्यांकडे बघत म्हणाले. "आज तुझी हाक आली नाही. म्हटलं, संपलं. कालच्या भांडणावर गेलं. तरी गाडी काढली. म्हटलं, दाढ याची दुखतेय, आपण नंतर रुसू!"

"ऊं," थोरले म्हणाले. त्यांनी काउंटरवरची किल्ली उचलली, धाकट्यांच्या खिशात कोंबली आणि वरून खिसा थोपटला. मग त्यांना पाटी पुन्हा दिसली, 'बादलीवाले आणि', आणि त्यांच्या पोटातून गुरगुर निघाली. निकालरावांनी डोळे मिटून घेतले. पण ती गुरगुर हसण्याची होती! थोरले हसत होते, तोंडात बोळा धरून, एकाच बाजूने, डोळ्यांतून पाणी काढत. ते बघून धाकटे फुटले, धाकट्यांना बघून पुतणी. शिंपी तर टबात तोंड घालून हसला, त्यामुळे तो सगळ्यांत मोठ्याने हसल्यासारखं वाटलं.

"आणि काय रे, आणि काय!" धाकटे भावाच्या पाठीवर थापा मारत होते. "माझ्या जागी चिमणी बसवत होते तुझे जावई!"

निकालराव शिडीवरून उतरले. पाय जमिनीला लागल्यावर त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की दोरीला लटकणारे मग डुलले. घर शाबूत! माहेर एका जागी! काकाही जागच्या जागी, निदान पाटी वाळली की येणार! मघापासून ते दोन अर्थांच्या मध्ये उभे राहून या पारड्यात की त्या पारड्यात करत होते, आणि खरा अर्थ तिकडे स्कूटरवर बसून भावाला दवाखान्यात घेऊन गेला होता.

"आता नक्की काय ते एकदा लिहून द्या," पेंटर कंटाळून म्हणाला. "आणि 'काढा' हा शब्द सोडून!"

थोरल्यांनी त्याच्याकडचा खडू घेतला, शिंप्याच्या काखेतला टब काढून घेतला, उपडा घातला आणि त्याच्या बुडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'बंधू रंगवा. बादलीवालेपेक्षा मोठं रंगवा.'

धाकट्यांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. पेंटर शिडी चढला. सगळ्यांना हायसं वाटलं. पण थोरल्यांचा खडू थांबला नव्हता. त्यांनी निकालरावांकडे एकदा पाहिलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली:

'जावईबापूंना सुट्टी द्या.'

निकालरावांनी ती वाचली. पुन्हा वाचली. सुट्टी! म्हणजे आजचा दिवस? दमलेत बिचारे, जाऊ दे घरी, अशी? की कायमची? थोरल्यांच्या चेहऱ्यावरून काही समजावं, तर तो निम्मा बधिर होता.

"विचारा ना बाबांना," बायको कानाशी म्हणाली. "समोर तर आहेत!"

निकालरावांनी तोंड उघडलं. मिटलं. मग ते मुकाट्याने घरी गेले, फ्रिजशेजारी बसून थंड पाणी प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला जाऊन शटर उघडून बादल्या मांडायला लागले. कुणी काही बोललं नाही. त्यालाही आता बरेच दिवस झाले. परवा मी मग घ्यायला गेलो होतो, तेव्हा सहज म्हटलं, "काय हो, त्या सुट्टीचा अर्थ शेवटी विचारलात की नाही?"

निकालरावांनी आधी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग माझ्या तोंडासमोर मग धरला.

"हळू बोला हो! पगार अजून येतोय!"